एका एकराची नोंद

द्वारकाबाईला मोजायची खोड होती. भाकरी थापताना ती टोपलीतल्या भाकऱ्या मोजायची, आणि पाहुणे निघून गेल्यावर कोण किती खाऊन गेलं हे तिला तोंडपाठ असायचं. नवरा रामहरी गेला तेव्हा तेराव्याला दारात एकशे चौतीस चपलांचे जोड होते, हे तिनं डोळ्याला पदर लावलेला असताना मोजलं होतं. कुणाला वाटेल, बाई कोरडी. कोरडी नव्हती. आचाऱ्याला दोनशे पानांचं सांगितलं होतं आणि उरलेला भात कुणाकुणाच्या घरी पोचवायचा, हे तिलाच बघायचं होतं.

त्या मंगळवारी सकाळी दीपकनं बांधावर मोटारसायकल लावली, तेव्हाही ती कडेच्या सरीत उभी राहून एका उसाची पेरं मोजत होती. अठरा भरली. म्हणजे रोप फुटायचे अठरा डोळे. वरचे दोन कोवळे, खालचे चार जुनाट. बारा तरी कामाचे.

दीपक कारखान्याच्या शेतकी खात्याचा चिटबॉय. बॉय म्हणायची पद्धत पडली म्हणून बॉय; वय बेचाळीस, पोट पट्ट्याबाहेर आलेलं, थोरली पोरगी अकरावीला. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची चिठ्ठी त्याच्या हातात, त्यामुळं लासुर्ण्यात त्याच्या चहाचे पैसे कायम दुसराच कुणीतरी देतो.

“काकू, नशीब काढलंत. परवा गुरुवारी तोडणीची टोळी येतीय तुमच्यात.”

“परवा? अजून अकराच महिने झालेत की रं. फेब्रुवारीशिवाय तोड येत न्हाय म्हणालावतास.”

“यंदा ऊस हाय कुठं? मिळंल त्यो आणा म्हणत्यात सायेब. आन् तुमच्या रणजितनं बी दोनदा फोन केला, तोड लवकर काढ म्हणून.”

“रणजितनं? त्याला कसली घाई?”

“घ्या! त्याच्या उसाची घाई त्याला नसंल तर काय मला असंल?”

द्वारकाबाईनं हातातला ऊस सोडला. “त्याचा ऊस?”

दीपकला वाटलं म्हातारी गंमत करतीय. त्यानं वही पुढं धरली. ती सातवी शिकलेली. चष्मा नसला की वही लांब धरून वाचायची. ऊस उत्पादकाचं नाव, रणजित रामहरी. क्षेत्र, चाळीस गुंठे. उसाची जात, ८६०३२. शेवटी बँक खात्याचे चार आकडे होते. आपल्या पासबुकाचे शेवटचे चार आकडे तिला झोपेत विचारले तरी सांगता आले असते. हे ते नव्हते.

कारखान्याच्या दारात शेत कुणाचं आणि खुरपं कुणाच्या हातात होतं, हे कुणी विचारत नाही. ज्याच्या नावावर नोंद, त्याच्या खात्यावर बिल.

“सातबारा माझ्या नावावर हाय,” ती म्हणाली.

“त्येला कोण न्हाय म्हणतंय? पण तुमचं संमतीपत्र हाय की. तुमचीच सई. पयलं अक्षर तुमी ढोलावानी काढता, त्ये दुसऱ्या कुणाला जमणार?”

सही तिचीच होती. कुठं केली, तेही तिला तिथल्या तिथं आठवलं.

गेल्या जानेवारीत ठिबकाच्या अनुदानाचे कागद करायचे होते. ती परातीत पीठ मळत होती. रणजितनं कागदांची चळत पंख्यासारखी पसरून धरली, प्रत्येकाचा खालचा कोपरा तेवढा दिसेल अशी. “आई, हितं. हितं. अजून हितं.” पिठाचा हात पदराला पुसून तिनं सह्या केल्या. गावात सगळेच अशा करतात. अनुदानाचे कागद वाचत बसलं तर भाकरी करपेल. पण सह्या नऊ झाल्या, हे तिला तेव्हाच कळलं होतं. शेजारच्या कुशाबाईच्या ठिबकाला आठ लागल्या होत्या. नववी कशाची, हे जिभेवर आलं होतं. समोर पोटचा पोरगा बसला होता, शर्टाचं वरचं बटण तुटलेला. तिनं बटणाचं विचारलं, सहीचं राहिलं.

“दीपक, मला येक सांग. ऊस कारखान्याला न घालता लागणीच्या बेण्याला सोडला तर?”

“तर शेतमालकाचा अर्ज लागतो. नोंद कुणाची का असंना, बेण्याला सोडायचा तर सातबाऱ्यावर नाव ज्याचं, सई त्याची.” बोलता बोलता त्याचा आवाज हळू झाला. “काकू, ह्यात मला नका घालू. रणजित माझ्या पंगतीचा माणूस हाय.”

“तुला कोण घालतंय? चिठ्ठी दे आन् जा. आन् अर्जाचा कोरा कागद असंल तर त्योबी दे.”

आता त्या उसाच्या बिलातून काय व्हायचं होतं, ते सांगायला हवं.

द्वारकाबाई अकरा वर्षं कन्हेरीच्या एका रोपवाटिकेत रोजानं जात होती. उसाच्या कांडीतून एकेक डोळा कापून काढायचा, औषधात बुडवायचा, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये ठेवायचा. ट्रे एकावर एक रचून तीन-चार दिवस प्लास्टिकखाली उबवायचे, कोंब दिसला की सावलीत पसरायचे. महिन्याभरात वीतभर रोप. शेतकरी टेम्पो घेऊन येतात आणि सव्वादोन रुपयाला एक, असं मोजून नेतात. एका ट्रेला बेचाळीस खण. अकरा वर्षांत आपल्या हाताखालून किती रोपं गेली हे तिनं एकदा मांडून पाहिलं होतं. मजुरी किती मिळाली तेही शेजारीच मांडलं होतं.

तेव्हाच तिनं ठरवलं होतं. घराशेजारी तीन गुंठ्यांवर आपलं शेडनेट. एक लाख दहा हजारांत उभं करून देणारा माणूस गाठला, पंधरा हजार विसार दिला. महिनाअखेरीला पुढचे पैसे न मिळाले तर तो पाइप दुसरीकडं नेणार होता. मग जानेवारी-फेब्रुवारीचा लागणीचा हंगाम गेला, म्हणजे वर्ष गेलं. एकसष्टाव्या वर्षी माणसाकडं वर्षं मोजकीच असतात, आणि मोजण्यात तर ती कुणाला हार जाणारी नव्हती.

घरी आली तेव्हा सून रेश्मा ओसरीवर छकुलीची वेणी घालत होती. छकुली दुसरीतली. रिबिनीचं एक टोक तिच्या तोंडात होतं.

“रेश्मा, रणजितला कशाला पैसे पायजेत?”

“मला काय म्हाईत, आत्या?” रेश्मा सासूला आत्या म्हणायची. तिनं वेणी इतकी आवळली की पोरगी ओरडली.

“मला म्हाईताय,” छकुली रिबीन तोंडातून काढत म्हणाली. “पप्पांची पाटी हाय. गोठ्यात. पोत्याखाली. कुणाला सांगायचं न्हाय.”

गोठ्यात वैरणीमागं युरियाच्या रिकाम्या पोत्यांखाली चांगली आठ फुटी पाटी निघाली. निळ्यावर पिवळी अक्षरं. ‘रणजित वॉशिंग सेंटर, भिगवण रोड, बारामती.’ कोपऱ्यात फेसानं माखलेली मोटार. आणि सगळ्यांत वर, बारीक लाल अक्षरांत, ‘आईचा आशीर्वाद’.

द्वारकाबाईनं ते दोनदा वाचलं. आशीर्वाद किती रुपयांचा, तेवढं फक्त पाटीवर घातलेलं नव्हतं. पंचेचाळीस टन, टनाला तीन हजार. एक लाख पस्तीस हजार.

रेश्मा मागं येऊन उभी होती. “आत्या, त्यांनी गाळ्याला पन्नास हजार विसार दिलाय. माझं गंठण मोडून. मीच दिलं काढून. लोणी देवकरला ठेकेदाराकडं नऊ वर्सं झाली, अजून ह्येंचं नाव कंपनीच्या कागदावर न्हाय. छकुलीला बारामतीत चांगल्या शाळेत घालायची. आमी काय दारूत घातलं न्हाय पैसं.”

“दारूत घातलं असतं तर बरं. तवा मला कळलं असतं.”

“तुमचं म्हातारपण आमीच बघणार हाय की.”

“बघा की. पण माझ्या उसावर न्हाय.” पाटी तिनं पुन्हा झाकली, पोती होती तशीच नीट लावली. “आन् हे बघ, रणजितला काय सांगायचं ते तू ठरीव. मी तुला सांग म्हणत न्हाय आन् सांगू नको बी म्हणत न्हाय.”

रेश्मानं सांगितलं नाही. का, ते तिचं तिला माहीत. गंठण मोडलं त्या दिवशी रणजितनं तिला गाळा तिच्याही नावावर करतो म्हणून सांगितलं होतं, आणि करारावर तिचं नाव कुठंच नव्हतं. वाचता तिलाही येत होतं.

बुधवारी सकाळच्या एसटीनं द्वारकाबाई कन्हेरी फाट्यावर उतरली. रोपवाटिकेचे मालक बापूसाहेब खुर्ची उन्हात टाकून बसले होते.

“या, या. कामावर परत?”

“गिऱ्हाईक शोधत आलेय. बत्तीस गुंठे बेणं हाय, अकरा महिन्यांचं. रोग न्हाय, लोळलेला न्हाय, डोळा टपोरा. गुंठ्याला सहा हजार.”

“सहा? ऊस हाय का केशर?”

“येका गुंठ्यात तुमी दहा हजार रोपं काढता. सव्वादोन रुपयानं इकता. अकरा वर्सं मोजून मीच दिलीत, मला कशाला केशर सांगता?”

बापूसाहेब हसले. बाकीचे कामगार कामात असल्याचं दाखवत ऐकत होते. “पाच.”

“साडेपाच. तोडणी तुमची, शेंड्याचं वाढं माझ्या जनावरांना. निम्मे पैसे आज माझ्या खात्यावर, निम्मे ऊस बांधाबाहेर पडायच्या आधी. आन् माणसं उद्या सकाळी सहाला रानात पायजेत. आठला न्हाय.”

“उद्याच? कुणी पाठीमागं लागलंय का?”

“टोळी.”

बापूसाहेबांनी साडेपाचाला मान डोलावली. रान त्यांचा माणूस बेण्याच्या शोधात मागंच बघून आला होता, बेणं चांगलं होतं. “आन् उरलेले आठ गुंठे?”

“त्याची रोपं करणार.”

“म्हंजी माझ्या दारात दुकान?”

“लासुर्णं तुमचं दार कवापासनं झालं?”

“रणजित काय म्हणतोय ह्यावर?”

“त्यानं मला इचारलं न्हाय, मी त्याला इचारलं न्हाय.”

अठ्ठ्याऐंशी हजार दुपारी खात्यावर आले. तिनं बँकेत जाऊन पासबुकात छापून घेतले. मोबाइलच्या मेसेजवर तिचा विश्वास नव्हता. येताना शेतकी ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली, पोच दुहेरी घडी घालून पिशवीत ठेवली.

गुरुवारी सहाला कन्हेरीची बावीस माणसं रानात शिरली. आठ वाजता कारखान्याची टोळी आली, बरोबर दीपक. मुकादम गेणबा ट्रॅक्टरवरून उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“बाई, हितं तर आदीच कुणी हात मारलाय! आमाला काय बांध दावायला बोलावलं व्हय?”

“चहा घ्या, मुकादम. चुकी तुमची न्हाय. दीपक, ह्येंना फुडचं रान दे.”

दीपकनं अर्जाची पोच उलटीसुलटी वाचली आणि परत दिली. कागद बरोबर होता. गेणबानं दोन चहा घेतले, तिसऱ्याला नको म्हणाला, आणि टोळी ओढ्यापलीकडं गेली.

रणजित आला तो पावणेदहाला. पहिली पाळी सोडून आला होता, अंगात कंपनीचा निळा शर्ट. मोटारसायकल स्टँडवर न लावता त्यानं उसातच टेकवली.

“आई, हे काय चाललंय?”

“बेणं चाललंय.”

“माझी नोंद हाय त्याच्यावर!”

“नोंद तुझी. ऊस माझा. कागद ज्याचा त्याला पोचला.”

कन्हेरीच्या बाया कोयते हळू चालवू लागल्या. द्वारकाबाई त्यांच्याकडं वळली. “धोंडाबाई, बापूसाहेब तुमाला ऐकायचा रोज न्हाय देत.” कोयते पुन्हा सुरू झाले.

रणजितचा आवाज खाली आला. “मी परत देणार व्हतो. व्याजासकट. सहा महिन्यांत. रोजच्या पंधरा गाड्या धरल्यात मी. हिशेब मांडलाय, दावू?”

“दाव की. पण पंधरा कुठनं आणल्यास?”

“शेजारच्या सेंटरवर उभा राहून मोजल्यात. चार रविवार.”

तिला बरं वाटलं. मोजायचं तरी त्यानं आपल्याकडनं उचललं होतं. पण चार रविवार मोजले. सोमवार-मंगळवारी किती गाड्या येतात, ते कोण बघणार? तिनं तसं म्हटलं. रणजित एकदम उसळला.

“तुझं वय काय, आई? एकसष्ट! ह्या वयात शेडनेट? उद्या गुडघं धरून बसलीस तर ट्रे कोण उचलणार? मी तरुण हाय. माझं आत्ता न्हाय झालं तर कवा होणार?”

“माझं बी तसंच हाय.”

“मग सांगायचंस की तू! शेडनेटचा विसार दिलास, घरात कुणाला बोललीस?”

हे खरं होतं. ती बोलली नव्हती. पंधरा हजार तिनं मजुरीतनं बाजूला टाकलेले होते आणि ते दिल्याचं तिनं कुशाबाईलाही सांगितलं नव्हतं. घरात दोन माणसं दोन विसार लपवून हिंडत होती, आणि दोघांची नजर एकाच एकरावर.

“न्हाय बोलले,” ती म्हणाली. “ते चुकलं. पण माझे पैसे माझे व्हते.”

“आन् मी मागितले असते तर दिले असतेस?”

तिनं खोटं बोलायचं मनात आणलं. सोपं होतं, बाया ऐकत होत्या, पोराचं तोंड उतरलं होतं.

“न्हाय.”

“मग? काय करणार व्हतो मी?”

“मागणार व्हतास. आन् मी न्हाय म्हणणार व्हते. तुझ्या बापाच्या मागं माझ्या हातात तेवढं येकच व्हतं, रणजित. व्हय म्हणायचं का न्हाय म्हणायचं. ते बी तू माझ्या पिठाच्या हातानं लिहून घेतलंस.”

त्यानं मोटारसायकल उसातनं ओढून काढली, दोन ऊस मोडले. द्वारकाबाईनं ते उचलून मोळीत टाकले. डोळे शाबूत होते.

दुसरे अठ्ठ्याऐंशी हजार बापूसाहेबांनी पाठवले, पासबुकात छापून आले, आणि मगच तिनं शेवटचा ट्रॅक्टर बांधाबाहेर सोडला.

गाळ्याचा विसार बुडाला. पन्नास हजार. गाळेवाल्यानं करारातली ओळ दाखवली, रणजितनं ती आता वाचली. द्वारकाबाईनं भरून दिले नाहीत. दोन जावांनी, एका नणंदेनं आणि कुशाबाईनं तिला सांगून पाहिलं की आईचं काळीज असं नसतं. “काळजाचं जाऊ द्या,” ती म्हणाली, “पन्नास हजारात साडेबाराशे ट्रे येत्यात.”

घरात बोलणं बंद झालं. म्हणजे रणजितचं आणि तिचं. “छकुले, आजीला सांग, मीठ कमी हाय.” “छकुले, पप्पांना सांग, मीठ त्यांच्या म्होरंच हाय.” पोरगी दोघांच्या मधे बसून निरोप पोचवायची, आणि आठवड्याभरानं तिनं दर निरोपाला एक रुपया मागितला. द्वारकाबाईनं दिला. पोरीत दम दिसत होता.

शेडनेट उभं राहिलं. आठ गुंठ्यांतला ऊस ती लागेल तसा तोडून आणायची, डोळे काढायची. पहिल्या खेपेला पंधराच दिवसांत गुडघा सुजला, रणजित म्हणाला होता तसाच. ट्रे उचलायला वाकली की डोळ्यापुढं काजवे चमकायचे. सोळाव्या दिवशी सकाळी रेश्मा पदर खोचून आली, चार-चार ट्रे उचलून लावू लागली. संध्याकाळी द्वारकाबाईनं तिच्या हातावर चारशे रुपये ठेवले.

“आत्या, घरात कसली मजुरी?”

“घरातच राहिलीय इतकी वर्सं, म्हणून तर. उद्या बँकेत चल. तुझ्या येकटीच्या नावावर खातं काढू. गंठणाला किती दिवस लागत्यात, मोजू.”

जानेवारीच्या अखेरीला पहिली रोपं विकायला झाली. चाळीस हजार लावली होती, छत्तीस हजार दोनशे उगवली. बापूसाहेबांकडं शंभरातली पंच्याऐंशी उगवली की पेढे वाटायचे. तिनं पेढे वाटले नाहीत, पण ट्रेंमधून दोनदा उगीचच फेरी मारली.

त्या रविवारी रणजित शेडच्या दारात येऊन उभा राहिला. बावन्न दिवसांनी, तिनं मोजले होते. पश्चिमेच्या बाजूला वारं अडवायला पाटी लावलेली त्याला दिसली. पिवळी अक्षरं आतल्या अंगाला होती, त्यामुळं ‘आईचा आशीर्वाद’ रोपांच्या डोक्यावर आला होता.

“माझी पाटी हाय ती,” तो म्हणाला. सरळ तिला. छकुली शेजारीच होती, तिचा एक रुपया बुडाला.

“तुझीच हाय. गाळा घेशील तवा घेऊन जा. तवर वारं अडवती.”

तो वाकून ट्रेंमधली रोपं बघू लागला. “कंपनीत संदेश म्हणून हाय. त्याला नऊ हजार रोपं पायजेत. त्याच्या भावाचा पिकअप हाय, रिकामा उभा असतो. मी पाळी सुटल्यावर रोपं पोचवीन. खेपेमागं काय देशील?”

“नऊ हजारांचं गिऱ्हाईक तू आणलंस, म्हणून रोपामागं धा पैसे. खेपेचे पाचशे, डिझेल माझं. वाटेत मोडलेलं रोप तुझ्या खात्यात.”

“पंधरा पैसे.”

“बारा.”

“बरं. बारा.”

तिनं पिशवीतनं कागद काढला. आत्ताचा नव्हे, काल रात्रीचाही नव्हे, आठ दिवसांपूर्वी लिहून ठेवलेला. फक्त पैशांचा आकडा कोरा होता. तिथं तिनं बारा घातले आणि कागद पुरता पसरून, चारी कोपरे मोकळे ठेवून, उपड्या ट्रेवर मांडला.

रणजितनं खिशातला पेन काढला आणि खालच्या कोपऱ्याकडं नेला.

तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“आदी वाच. मोठ्यानं.”

“आई, सगळे बघत्यात.”

“बघू दे. पयल्या ओळीपासनं.”

रेश्मा ट्रे हातात घेऊन थांबली. रणजितनं घसा खाकरला. “लिहून देणार, रणजित रामहरी, राहणार लासुर्णे...” पहिल्या दोन ओळी तो भरभर वाचत गेला. तिसऱ्या ओळीला वेग कमी झाला. “रोपवाटिका, रोपं, आठ गुंठे ऊस आणि त्याचं सगळं उत्पन्न द्वारकाबाई रामहरी यांचं. माझा त्यावर... माझा त्यावर हक्क फक्त केलेल्या कामापुरता.” तो थांबला, पुढची ओळ मनात वाचली, मान वर केली.

“मोठ्यानं,” ती म्हणाली.

“माझे पन्नास हजार कामातून जमले, की गाळ्याच्या विसाराला आई तेवढेच पन्नास हजार घालील. त्या वेळी गाळ्याचा करार आई, रेश्मा आणि मी मिळून वाचू.”

पेनाचं टोक कागदाच्या वर तरंगत राहिलं. मग त्यानं नजर पुन्हा वर नेली आणि तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, या वेळी सावकाश. द्वारकाबाईनं त्याला थांबवलं नाही. ती नऊ हजारांचे ट्रे दाराशी काढायला लागली. दोनशे चौदा होत होते आणि वर सुटी बारा रोपं.